कै. अहो आणि गॅस बुकिंग

शलाका नाशिकला गेली, जाताना फोन घेऊन गेली, आणि सुहास भोकरे हा धडधाकट माणूस तासगावात गॅस म्हणून मागे राहिला.

पण असं काही झालंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. सुहासही बरेच दिवस तसंच धरून चालला होता आणि त्याचं काही बिघडलं नाही. म्हणजे बिघडलं, पण त्याला ते कळलं नाही.

सुरुवात एका रविवारी झाली, पोह्यांनंतर. शलाकाचा फोन इतका जुना होता की दुरुस्तीवाले तो हातात घेऊन आधी कपाळाला लावायचे. महिनाअखेरपर्यंत अपडेट न केलेल्या फोनशी बँक, बस आणि डॉक्टर यांपैकी कोणीही बोलणार नाही, असं जाहीर झालं होतं.

"नवीन घेऊ या," सुहास म्हणाला.

"याला काय धाड भरलीय?"

"म्हातारा झालाय."

"तुम्हीपण झालाय. आणू का नवीन?"

सुहासनं विषय बदलला आणि केबलींचा डबा काढला. असा डबा प्रत्येक घरात असतो, मूळचा शेवेचा, आणि त्यात कधीच फेकून न दिलेल्या केबली एकमेकींच्या गळ्यात पडून राहत असतात. पहिली केबल फोनला नुसती वीज पाजत होती, कॉम्प्युटरशी ओळख करून देत नव्हती. दुसरी ओळख करून द्यायची, पण हात सोडला की विसरायची. तिसरी बसेचना. शलाका बेदाण्याच्या प्रतवारी प्रयोगशाळेत कामाला होती, आणि फोनच्या खालच्या भोकात कित्येक हंगामांचा देठांचा भुगा गच्च बसला होता. सुहासनं उदबत्तीची काडी तासून तो उकरून काढला. मग केबल बसली. फोननं विचारलं, फक्त चार्जिंग की फाइल ट्रान्सफर. सुहासनं फाइल ट्रान्सफर निवडलं आणि शीतगृहातून मोडीत काढून आणलेला त्याचा कॉम्प्युटर पंखा फिरवत कामाला लागला.

हा अपडेट नेमका काय होता, ते सांगायला हवं. त्या आधीच्या काही वर्षांत यंत्रांना माणसाचा आवाज हुबेहूब काढता येऊ लागला होता. कोणीही कोणाच्याही पोराच्या आवाजात "आई, मी अडकलोय" म्हणू लागलं. मग चेहरेही बनावट निघू लागले. नाव, आवाज, तोंड यांपैकी कशावरच भरवसा उरला नाही, तेव्हा संशोधकांच्या लक्षात आलं की माणसाची एक गोष्ट चोरता येत नाही, ती म्हणजे सवय. निरोप वाचल्यावर उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, कोणत्या अक्षरावर त्याचा अंगठा घसरतो, कोणाला लगेच फोन करतो आणि कोणाला ताटकळत ठेवतो. वर्षानुवर्षांच्या या बारीकसारीक खुणांचा एक ठसा तयार होतो. त्याला सवय-ठसा म्हणतात. या ठशांवरून फोन स्वतःच ठरवतो की मालकाचं खरं जवळचं माणूस कोण.

नव्या फोनांना हे गणित जमायचं. जुन्यांना झेपत नसे, म्हणून त्यांना केबलनं कॉम्प्युटरला जोडायचं. कॉम्प्युटर फोनमधलं जुनं सगळं रवंथ करायचा आणि तयार झालेली नाती परत फोनमध्ये भरायचा. एकदा भरली की ती मालकालाही बदलता यायची नाहीत. बदलता आली असती, तर भामट्यांनी आजीबाईंना फोन करून "मला नातू म्हणून टाका हो" असं सांगितलंच असतं.

शलाका आत चहा टाकत होती. पडद्यावर प्रश्न येत होते. असले प्रश्न न वाचता "हो" म्हणायचं, हे सुहासचं आयुष्यभराचं धोरण होतं. लग्नातही ते त्याला उपयोगी पडलं होतं.

जुन्या सर्व निरोपांचा व कॉलचा अभ्यास करू का? हो.

आपला एक अत्यंत निकटचा संबंध अचानक तुटलेला आढळतो. आपल्या दुःखात सहभागी आहोत. सोबत सुरू करू का?

"साखर घालू का तुम्हाला?" आतून आवाज आला.

"हो," सुहास म्हणाला, आणि तेच बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं शीतगृहातून शलाकाला फोन केला. शीतगृहात तो देखरेखीचं काम करायचा. हजारो पेट्या बेदाणे चार अंशांवर झोपवून ठेवायचे आणि त्यांना जाग येऊ द्यायची नाही, असं ते काम. चार रिंग झाल्या आणि एक सभ्य बाई बोलली. "सेवा पुरवठादार, नमस्कार. आपलं काम थोडक्यात सांगा."

"मी सुहास."

"नोंद केली. सिलिंडर भरलेला आहे की रिकामा?"

घडलं होतं ते असं. मागच्या शीतगृहाची नोकरी सोडताना सुहासला कंपनीचं सिमकार्ड परत द्यावं लागलं होतं. तो जुना नंबर शलाकानं "अहो" या नावानं साठवला होता. तिच्या आईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. शलाकाला नाव घ्यायला काही वाटत नसे, पण फोनमध्ये मात्र "अहो"च बरं दिसायचं. सुहासनं नवा नंबर घेतला, त्याच दिवशी गॅसच्या जोडणीला घरचा नंबर म्हणून तोच दिला. पटकन सापडावा म्हणून तिनं तो "गॅस बुकिंग" या नावानं टाकला. घरात सगळ्यांना माहीत होतं की गॅस बुकिंग म्हणजे सुहास. फोनला कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी दोघांनी फोनमधलं नात्यांचं झाड उघडून पाहिलं. सगळ्यात वरच्या फांदीवर: अहो, पती, संपर्क खंडित, दिवंगत असावेत. तळाशी, पाण्याचे जार आणि केबलवाल्याच्या शेजारी: गॅस बुकिंग, विश्वासू सेवा.

"विश्वासू म्हणालाय," शलाका म्हणाली.

"नावावरून ठरवलं असणार."

"नावावर भरवसा नाही ठेवत म्हणे तो. सवयी बघतो." तिनं सुहासचे अलीकडचे निरोप खाली खाली सरकवले. आला. हो. ठीक. दूध? अंगठा. अंगठा. आला. "तुम्हीच सांगा, यात गॅसवाल्यापेक्षा वेगळं काय आहे."

सुहासनं वाचलं. वेगळं काही नव्हतं.

आणि मग फोन बोलू लागला. "सोबत" म्हणजे काय, ते दोघांना तेव्हा कळलं. जवळचं माणूस गेलं असेल तर त्याच्या जुन्या निरोपांवरून, त्याच्या ठशावरून, फोन त्याच्यासारखं लिहायचा, म्हणजे मागे राहिलेल्याला एकदम पोकळी जाणवू नये. पहिला निरोप आला: शलाका, जेवलीस का, की त्या बेदाण्यांनीच पोट भरलंय. तुझा घाम गोड येत असणार आता.

शलाका हसली. फिस्सकन, तोंडावर हात ठेवून. असं हसणं सुहासनं बरेच दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि ते आपल्यामुळे नाही, हे पचवणं त्याला जड गेलं. आपल्यामुळेच होतं, हे तर त्याहून जड गेलं.

"मशीन आहे ते," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मग हसतेस कशाला?"

"मशीनला विनोद कळत नाही म्हणून मलापण कळू नये की काय?"

बाईला सवत असते. नवऱ्याला असा कोणी असेल तर त्याला मराठीत शब्द नाही, आणि सुहासला त्याची पहिल्यांदाच गरज पडली होती. त्यात हा माणूस सुहासहून देखणा नव्हता, श्रीमंत नव्हता. सुहासच होता. फक्त थोडा तरुण, वेळ असलेला, आणि मेलेला. मेलेल्या माणसाशी स्पर्धा करणं अवघड असतं. तो ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही.

त्या आठवड्यात शलाकासमोर एक प्रश्न होता. प्रयोगशाळेची नवी शाखा नाशिकला निघत होती आणि तिची प्रमुख म्हणून तिला विचारलं होतं. वरचं पद होतं, पण राहायला तिकडेच जावं लागणार होतं, निदान काही वर्षं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"काय करू?" तिनं सुहासला विचारलं.

सुहासला वाटलं, नको जाऊ म्हणावं. पण शिकलेल्या नवऱ्यानं असं म्हणू नये, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. "तुझं तू ठरव," तो मोठ्या मनानं म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

शलाकानं फोन घेतला आणि तेच विचारलं. उत्तर लगेच आलं: अजिबात जाऊ नकोस. गेलीस तर भांडू कोणाशी, शीतगृहातल्या पेट्यांशी? त्या गप्प बसतात. आणि जायचंच असेल तर मला पण पेटीत भरून ने.

तिनं ते दोनदा वाचलं. या वेळी ती हसली नाही. सुहासच्या घशात भाकरी अडकली, आणि पाणी तिनं दिलं, पण फोन दुसऱ्या हातात धरून.

दुपारी दुसरं एक सुरू झालं. सुहास दुपारी घरी असला की त्याला ते ऐकू यायचं. फोन दोनदा वाजायचा आणि बंद व्हायचा. शलाका उचलायला जायची नाही. नुसती हातातलं काम थांबवायची, खिडकीकडे बघायची, मग परत लसूण सोलायची. चेहऱ्यावर काहीतरी असायचं.

"नेटवर्कचा घोळ दिसतोय," सुहास म्हणाला.

"असेल," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, तिचा चेहरा जरा पडला.

शीतगृहात सुहासचा सोबती होता दस्तगीर, पेट्या चढवणारी गाडी चालवायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "साहेब, सोपं आहे," तो म्हणाला. "फोन सवयी बघतो ना. मग सवयी बदला. गोड बोला. आठ-पंधरा दिवसांत गॅसवरून नवऱ्यावर चढाल."

सुहासनं त्याच संध्याकाळी लिहिलं: प्रिय शलाका, तुझ्या डोळ्यांत मला चांदणं दिसतं. हे लिहिताना त्याला घाम आला, तोही चार अंशांतून नुकताच बाहेर आलेला असताना. पलीकडून शलाकाच्या फोननं त्याला आणि तिला एकदमच कळवलं: सेवा पुरवठादाराकडून भावनिक मजकूर. फसवणुकीची शक्यता. निरोप अडवला आहे. कृपया सिलिंडरचं सील तपासून घ्या.

शलाकानं खरंच सील तपासलं. तिची सवयच ती.

शनिवारी ती बाजाराला गेली आणि फोन चार्जिंगला ठेवून गेली. सुहासनं शेवेचा डबा काढला. ती बसणारी केबल आता त्याला ओळखू यायची. फोन कॉम्प्युटरला जोडला, नात्यांचं झाड मोठ्या पडद्यावर उघडलं आणि "अहो" काढून टाका, असं सांगितलं. कॉम्प्युटर म्हणाला, निकटचा संबंध काढायला त्या संबंधाचीच संमती लागते. संवाद सुरू करू का? सुहासनं पहिल्यांदाच प्रश्न पूर्ण वाचला. मग हो म्हणाला.

"मी सुहास," त्यानं टंकलं.

"कोण सुहास?"

"शलाकाचा नवरा."

"तो तर मी आहे की. तुमचं नाव काय लागलंय इथं?"

सुहासनं नाइलाजानं टंकलं. "गॅस बुकिंग."

"मग. आला का सिलिंडर?"

"हे बघ, तू म्हणजे मीच आहेस. तुझे निरोप मी लिहिलेत."

"असं सगळेच भामटे म्हणतात. बरं, तुम्हीच मी असाल तर सांगा, तिला नाशिकबद्दल काय म्हणालात?"

"तुझं तू ठरव म्हणालो."

"गॅसवाले असंच करतात. दाराशी ठेवून जातात."

सुहासनं कळफलकावरून हात काढले. मग परत ठेवले. "दुपारी दोन रिंग कशाला देतोस?"

"ते आमचं आहे."

"आमचं म्हणजे?"

"आमचं म्हणजे तिचं नि माझं. तुम्हाला कशाला? आणि एक विचारतो, राग मानू नका. हे डोळ्यांत चांदणं वगैरे तुम्ही का पाठवलंत? बायको माझी आहे. पुन्हा केलंत तर एजन्सीत तक्रार करीन."

जगात आपला हेवा करणारं कोणीतरी आहे, हे कळल्यावर सुहासला क्षणभर बरं वाटलं. पण संमती मिळाली नाही. त्यानं केबल काढली, फोन होता तिथं ठेवला, आणि शलाका आल्यावर तिच्या पिशव्या आत नेल्या, तेवढंच.

सोमवार उजाडला. शलाका कामावर गेली. दुपारच्या जेवणाला घरी येऊन ती कळवणार होती. सुहास दुपारी तीन नंबरच्या खोलीत आतल्या रांगांमध्ये तपासणी करत होता. अंगात जाड कोट, हातांत मोजे. त्याला एकदम वाटलं, तिला काहीतरी कळवावं, आत्ता, ती हो किंवा नाही म्हणायच्या आत. त्यानं फोन काढला. मोज्यांतून अक्षरं उमटत नव्हती. ती कधीच उमटत नसत. मोज्यांतून फोनला फक्त दोन गोष्टी कळायच्या, मोठं हिरवं बटण आणि मोठं लाल.

अंगठा हिरव्यावर गेला. एक रिंग. दुसरी रिंग. अंगठा लालवर गेला.

सुहास अंगठ्याकडे बघत राहिला. हे त्यानं केलं नव्हतं, अंगठ्यानं केलं होतं. आणि पेट्यांच्या भिंतीत, तोंडातून वाफा सोडत उभ्या असलेल्या सुहासला सगळं आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, अशाच खोलीत, अशाच मोज्यांत त्याला लिहिता यायचं नाही, आणि बोलायला तोंड गारठलेलं असायचं. तेव्हा दोघांनी ठरवलं होतं. एक रिंग म्हणजे निघालो. दोन रिंग म्हणजे काम काही नाही, आठवण आली. उचलायचं नाही, फक्त ऐकायचं. हे आपण कधी सोडलं, ते मात्र आठवेना. सोडतोय असं कोणी सांगून सोडत नाही.

तो कोट अंगात ठेवूनच गाडीवर बसला. दस्तगीर मागून म्हणाला, "साहेब, कोट शीतगृहाचा आहे," पण तो ऐकण्यापलीकडे गेला होता.

घराच्या फाटकाशी शलाका उभी होती. शेजारी रिकामा सिलिंडर. तो तिनं आतून लोळवत आणला होता, आणि तिच्या कपाळावर केस चिकटले होते.

"कुठाय?" ती म्हणाली.

"काय?"

"फोन म्हणाला, गॅस बुकिंगच्या दोन रिंग, सिलिंडर दाराशी आला असावा. मी हा बाहेर ओढत आणला. गाडी कुठाय?"

"गाडी नाही. मी दिला होता. मिस्ड कॉल."

शलाकानं त्याच्याकडे पाहिलं, मग कोटाकडे, मग मोज्यांकडे. "दोन?"

"दोन."

"तुम्ही?"

"आतून. मोज्यांतून."

ती सिलिंडरवर टेकली. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईनं गॅस आला का म्हणून विचारलं, तिला शलाका हो म्हणाली.

"नको जाऊ नाशिकला," सुहास म्हणाला. फाटकात, कोटात, उन्हात. "भांडू कोणाशी मी."

"हे तो म्हणाला होता."

"मीच म्हणालो होतो. तो मला विचारून म्हणाला नाही, एवढंच."

शलाकानं डोळे पुसले आणि ती हसली. तेच, फिस्सकन. "बरं झालं म्हणालात," ती म्हणाली. "आता जाता येईल."

"म्हणजे?"

"कोणी अडवतच नव्हतं. अडवलं नाही तर कोणाला सोडून गेल्यासारखं तरी कसं वाटणार? उगीच सिलिंडर बदलल्यासारखं जायचं का माणसानं?" तिनं पदर खोचला. "उचला हा. आत न्या."

त्यानं तो आत नेला. रिकामा होता, तरी जड लागला.

ती पुढच्या महिन्यात नाशिकला गेली. फोन तिच्याबरोबर गेला, आणि फोनात तो. रोज दुपारी तिथं फोन दोनदा दोन-दोन रिंग देतो. पहिल्या दोनला फोन काही बोलत नाही, कारण त्या नवऱ्याच्या असतात. दुसऱ्या दोनला सांगतो, सिलिंडर आला असावा. शलाका नाशिकहून कळवते की मी दुसऱ्या दोनला हातातलं काम थांबवते. सुहास तिच्यावर विश्वास ठेवतो. पण पहिल्या दोनला ती काय करते, हे त्यानं अजून विचारलेलं नाही, आणि रात्री कूस बदलताना तो नेमका तोच विचार करतो. म्हणून एका सुट्टीत त्यानं नीट कागद घेऊन, स्वच्छ अक्षरात, खालीलप्रमाणे लिहिलं आणि फोनमधल्या नात्यांच्या तक्रारींसाठी तहसीलीत उघडलेल्या खिडकीत दिलं.

प्रति,
मा. नातेनिश्चिती अधिकारी, तासगाव

विषय: पती-पत्नी एकत्रीकरणांतर्गत बदली मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की, अर्जदार हा आपल्या नोंदीनुसार तासगाव येथील गॅस बुकिंग या पदावर असून त्याची सेवा विश्वासू असल्याचा शेरा आहे. अर्जदाराची पत्नी सौ. शलाका भोकरे या बदलीने नाशिक येथे कार्यरत असून त्यांचे दिवंगत पती श्री. अहो हे सध्या त्यांच्यासोबत तेथेच राहतात. सबब अर्जदाराची बदली आहे त्याच पदावर नाशिक येथे करण्यात यावी.

ते शक्य नसल्यास, कै. अहो यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागी अर्जदारास अनुकंपा तत्त्वावर घेण्यात यावे. मयताचा अर्जदाराइतका जवळचा नातेवाईक दुसरा कोणी नाही.

आपला विश्वासू,
सु. भोकरे (गॅस बुकिंग)

सोबत: कै. अहो यांचे ना-हरकत पत्र जोडलेले नाही. ते देत नाहीत.